नाशिक ते लंडन, व्हाया भिवंडी

लेकीचं लंडनचं तिकीट आलं की आमच्या आईचा पहिला उद्योग म्हणजे कॅलेंडरच्या मागच्या पानावर वेळा लिहून वजाबाकी करणं. डिसेंबरात लेक आली तेव्हा तिथून सकाळी १० ला निघून रात्री साडेबाराला मुंबई. साडेचौदा तास. जानेवारीत परत जाताना दुपारी १ चं विमान, उतरणार संध्याकाळी साडेपाचला. साडेचार तास! "एवढ्यात तर आपण पुण्याला पोचतो. येताना कुठं वळसा घालून आलीस का गं?"

हसू नका. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते आणि हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. ते धरलं तर जाताना दहा तास, येताना नऊ. म्हणजे आईला लांबलेला वाटला तोच प्रवास खरा लवकर उरकला. अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. उलट्या वाऱ्यात सायकल मारलेल्याला वेगळं सांगायला नको.

आईला हे पटलं. माझं दुखणं निराळं आहे. मुंबई-लंडन दहा तास, हा आकडा नाशिककराच्या काय कामाचा? जानेवारीत पहाटे ५ ला नाशिकचा द्वारका चौक सोडला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, तो टळला. आमण्याला उतरलो, भिवंडीकडे लागलो आणि अडकलो. मांडीवर गुळाच्या पोळ्यांचा डबा, लेकीच्या मुठीत पासपोर्ट, मोबाईलवर मॅपची लाल रेघ, आणि दर दहा मिनिटांनी आईचा फोन, "पोचलात?" साडेदहाला पोचलो. १७० किलोमीटरला साडेपाच तास, म्हणजे ताशी ३१. विमान त्याच दिवशी सरासरी ताशी ७२० ने गेलं.

म्हणून माझं मत: ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून दिल्ली, तिथून लंडन. मित्र वेड्यात काढतात. दिल्लीमार्गे अंतर साधारण ५०० किलोमीटर जास्त भरतं हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, त्याचा फटकाही दिल्लीहून निघणाऱ्यांना जास्त. असू दे. ओझर घरापासून २० किलोमीटर, आणि हवेतले ५०० किलोमीटर लेक झोपेत काढते. फक्त दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्यायची. वेगवेगळी घेतली आणि ओझरचं लेट झालं, तर पुढचं विमान कुणाची वाट बघत नाही.

जूनचं तिकीट मात्र लेकीने आधीच मुंबईचं काढून ठेवलंय. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा साडेचारचाच फरक धर, असं आईला सांगितलं. तिने साडेपाच खोडून साडेचार लिहिलं आणि खाली स्वतःहून भर घातली: भिवंडी, दोन तास.