सक्तीच्या श्रमविभागणीचं काय?

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी एकमेकांवर अवलंबून होते म्हणून गाव एकसंध राहिलं, आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणतो ती समाजाला जोडणारी श्रमविभागणी हीच, हे बलुतेदारीवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. दुर्खीमनेच श्रमविभागणीवरच्या आपल्या १८९३च्या ग्रंथात शेवटी सक्तीच्या श्रमविभागणीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय, आणि तिथे तो वर्ग आणि जातींचंच नाव घेतो. माणसाची कुवत न बघता काम गळ्यात मारलं, तर त्यातून ऐक्य नाही, कलह निपजतो, असं त्याचं म्हणणं. नेमकं तेच प्रकरण लेखकाने वगळलंय.

माझी आजी न्हाव्याच्या घरातली. सुगीत आजोबांबरोबर ती बलुतं, म्हणजे वर्षभराच्या कामाचा धान्यातला वाटा, आणायला जायची. खळ्याच्या कडेला उभं राहायचं, धन्याची पोती भरून झाली की बुडाची खडेमाती मिसळलेली ज्वारी सुपात पडायची. कमी आहे म्हणायची सोय नव्हती, कारण पुढच्या वर्षी दार तेच. याला परस्परावलंबन कसं म्हणायचं? महार वतनात, म्हणजे महारांकडे वंशपरंपरेने आलेल्या गावकामात, तर रात्री-अपरात्री सरकारी कामाला पळावं लागे, वेळेचा धरबंध नाही, मोबदल्याची शाश्वती नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली स्पष्ट लिहिलं. बलुतेदारीवरच्या लेखात त्यांचा साधा उल्लेखही नसावा, हे फार खटकलं.