खाजन पडीक म्हणणाऱ्यांनी आधी मानस बघावी

‘गोव्याचे गाव मरताहेत, त्यांना इको-व्हिलेजच वाचवतील’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवे पान आणि शेवटी ‘खरा गोंयकार असाल तर दहा जणांना पाठवा’. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाव ओसाड पडलेत. खाजने पडीक आहेत, तिथे नुसती खारफुटी आणि डास. कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी गावकारी, ही पोर्तुगिजांनी मागे टाकलेली अडगळ. नव्या वसाहती लाल कौले, बल्कांव (घरापुढची बसायची ओसरी) आणि तुळशीवृंदावन बांधून गोंयकारपण जपतात, शिवाय सौरऊर्जेवर चालतात म्हणून शाश्वत. आणि ग्रामसभेत ओरडणारे पाच-दहा जण विकासाचे वैरी. बांधणार कोण, कुठे, किती, याचा मात्र एका ओळीत पत्ता नाही.

असले मेसेज मी वाचून सोडून देते. हा सोडला नाही, कारण तो पेडण्याहून मावशीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘आपले खाजन तरी काय, पडीकच मगो. दलाल परत येऊन गेला. दिले तर काय बिघडले गो?’

बरेच बिघडेल, मावशी. म्हणून खाजनापासूनच सुरू करते.

खाजन म्हणजे खाडीच्या काठाने बांध घालून खाऱ्या पाण्याकडून हिसकावून घेतलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात आणि तिच्यातली बरीचशी भरतीच्या पातळीच्या खाली आहे. भरतीला बाहेर थोपवायचे आणि पावसाचे साचलेले पाणी बाहेर काढायचे, ही दोन्ही कामे मानस, म्हणजे बांधात बसवलेले पाण्याचे दार, करते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तिची लाकडी झापे मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी तीच झापे ढकलून निघून जाते. वीज नाही, पंप नाही. मातीत मुरलेले मीठ पहिल्या पावसांत धुऊन निघते, मग कोरगूट पेरायचा, कारण ते भात थोडाफार खार सोसते. सर्वांत खोल भागात, पोंयीत, मासळी वाढते. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती धरायची आणि त्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, करायची. भात, मासळी आणि पूर अडवणे, तिन्ही एकाच जमिनीत. आणि मेसेजवाला याला पडीक म्हणतो!

आता अर्धे सत्य. मावशीच्या खाजनात आज भात नाही हे खरे आहे. पण का नाही? पावणीचा पैसा भातापेक्षा जास्त सुटायला लागला, तशी ठिकठिकाणी मानशीची दारे मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले गेले. बांधाची देखरेख पूर्वी गावकारी करायची. कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली आणि बऱ्याच संघटना कागदावरच राहिल्या. मजुरी वाढली, तरुण बोटीवर नोकरीला गेले. कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेल्या बांधाला वेळेवर चिखल लागला नाही की भगदाड पडते. एकाचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, खारला की शेजारचाही खारतो. म्हणजे जमीन पडीक नाही, बांध फुटलेला आहे. फुटलेल्या बांधावर उपाय बांध बांधणे हा असतो, व्हिला बांधणे हा नव्हे.

व्हिला बांधला तर काय होते तेही सांगते. ट्रक लावून लाल मातीचा भराव टाकला की तो तुकडा उंच होतो. तिथे मावणारे पावसाचे पाणी मग शेजाऱ्याच्या कुणग्यात शिरते, तिथून वाड्यावर. भरावाखाली पाण्याची वाट बुजली आणि मानस मोडली की खारे पाणी विहिरीपर्यंत सरकते. जाहिरातीत ‘वॉटरफ्रंट’ विकणाऱ्याला ते पाणी अमावास्या-पौर्णिमेला किती चढते, हे कोणी विचारतच नाही.

हे माझे मत म्हणून सोडून द्यायचे असेल तर केंद्र सरकारचे ऐका. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात खाजनांचे नकाशे करा, तिथली खारफुटी राखा, व्यवस्थापनाचा आराखडा करा आणि खाजनात कसलेही विकासकाम होऊ देऊ नका, असे सरळ लिहिले आहे. दलालाला एवढे एक कलम वाचून दाखव आणि तो कोणता रस्ता धरतो ते बघ.

कोमुनिदाद पोर्तुगिजांची, हा मुद्दा तर हास्यास्पदच. पोर्तुगिजांनी गोवा बेट घेतले १५१० साली. १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया या त्यांच्याच अधिकाऱ्याने इथल्या गावकारांचे रिवाज लिहून काढले: गावकार कोण, सारा कसा भरायचा, जमीन कशी द्यायची. सोळा वर्षांत कोणी नवी व्यवस्था उभारून तिचे जुने रिवाज लिहून घेत नाही. त्या दस्तात जुनी सांगीही आहे, की ओसाड, रानटी जागेवर चौघे आले आणि त्यांनी ती लागवडीखाली आणली. नंतर पोर्तुगिजांनी तिला नाव दिले आणि संहिता केल्या, शेवटची १९६१ ची. गावकारी होती म्हणून सगळे छान होते असेही मी म्हणत नाही. जोण, म्हणजे गावकाराचा वाटा, पुरुषाच्या वंशाने जायचा, बाईला त्यात जागा नव्हती, आणि बांधावर चिखल वाहणाऱ्याच्या हाती मजुरीपलीकडे काही पडत नव्हते. आजच्या काही कोमुनिदादींच्या भूखंडांविषयी तर न बोललेले बरे. पण बांध सगळ्यांचा, म्हणून कोणा एकाला तो विकता येत नाही, ही गोष्ट तिनेच शिकवली, आणि मेसेजवाल्याला खुपते ती नेमकी हीच.

लाल कौलांवर फार वेळ घालवायचा नाही, पण गंमत सांगते. ज्या कौलांना गोंयकारपण म्हणतात ती मंगळुरी कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, तिथून ती किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेली नळ्यांची कौले होती. कौल बाहेरून आले आणि गावाचे झाले, कारण ते गावातल्या घरांवर चढले. बल्कांवही तसाच. त्याचे सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, रस्त्याकडे तोंड करून असतात. जाणारा-येणारा दोन घटका टेकतो, कोणाकडे पाहुणे आले ते कळते, पोर उन्हात हिंडते आहे म्हणून कोणीतरी ओरडते. वसाहतीतला बल्कांव जलतरण तलावाकडे बघतो आणि रस्त्याच्या बाजूला उंच भिंत आणि वॉचमन. मेसेजमध्ये ‘सांस्कृतिक अ‍ॅम्फीथिएटर’चीही बढाई आहे. धालोंचा मांड कधी बघितलाय का यांनी? एखाद्या घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण, ज्यावर चपला घालून कोणी चढत नाही. पौषातल्या रात्री बाया धालो नाचायला-गायला तिथेच जमतात, कारण तो मांड आहे. इमारत पाडून पुन्हा बांधता येते, मांड असा बांधता येत नाही.

गाव ओसाड? काही घरांना कुलूप आहे, मान्य. पण त्यातली कितीतरी घरे कोणाला नकोशी झाली म्हणून बंद नाहीत. कागदावर आजोबांपासूनची नावे आहेत, वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले, आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणीची, केस वर्षानुवर्षे कोर्टात. चवथीला त्यातलीच काही उघडतात. गणपतीवर टांगायच्या माटोळीला आंबाडे, तोरिंजन, कांगणे, सुपारीचा कातर लागतो. कोणते फळ कोणत्या रानात मिळते हे ठाऊक असलेली माणसे त्या दिवशी तिथे असतात. बाहेरून आलेल्या काही जणांनी जुनी पडकी घरे विकत घेऊन नीट उभी केली, हेही खरे. ते आहे त्या घरात राहायला आले. शेतात नवा गाव काढायला नाही.

सोलर पॅनेल, सांडपाण्याचा प्रकल्प, ठीक आहे, असावेत. पण सड्यावरचा, डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, जांभा पाणी पितो म्हणून उतारावरचे झरे आणि विहिरी चालतात. सडा काँक्रीटने झाकून छपरावर चार पॅनेल लावली म्हणजे शाश्वत होत नाही. गावाला रोजगार मिळेल हा मेसेजमधला मुद्दा मी सोडून देते. कुणग्याच्या मालकाने त्याच जमिनीवर माळी व्हायचे, एवढाच त्याचा अर्थ.

राहिले ‘पाच-दहा जण’. २००६-०७ मध्ये लोक रस्त्यावर आले आणि ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ पर्यंतचा जमीनवापर ठरवणारा) सरकारला मागे घ्यावा लागला. तो पाच-दहा जणांनी मागे घेववला? २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम घातले आणि ‘चुकांची दुरुस्ती’ म्हणून शेतांचे झोन बदलू लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तिथे गेलेलेही असेच मोजके लोक होते, मग न्यायालयाने त्यांचे म्हणणे का उचलून धरले?

तर मावशी, दलाल पुन्हा आला की त्याच्याकडून सर्व्हे नंबर आणि झोनिंग सर्टिफिकेट माग. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचा रकाना वाच. आजोबांना ती जमीन कूळ म्हणून मिळाली असेल, तर १९९१ च्या कायद्याने ती शेतीखेरीज कशालाही वापरता येत नाही. आणि २०२३ च्या कायद्यानंतर भातशेत बिगरशेतकऱ्याला विकताही येत नाही. हे सगळे त्याला माहीत असतेच. तरी तो कागद घेऊन आला, तर सही करू नकोस, मला फोन कर.