दहावी अन् अकरावीच्या मधलं वर्ष

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात दिवेलागणीला पानठेल्याशेजारच्या पारावर पाच-सहा जण जमतात. एरवी बोलणं संत्र्याच्या भावावर, नाहीतर कपाशीच्या बोंडअळीवर. परवा विषय निघाला बागायतदार काकांच्या पुतणीचा. पोरगी नववीत आहे. दहावीनंतर एक वर्ष अमेरिकेत, तिथल्या कुटुंबात राहून, तिथल्या शाळेत शिकता येतं, हे तिला कळलं आणि घरात वाद सुरू झाला. पारावर या कामाची बारीक माहिती असलेले तिघं होते: इंग्रजीचे निवृत्त गुरुजी, सेतूवाला दादा आणि तालुक्याहून येणारे रोटरीचे भाऊ. उपकेंद्राच्या सिस्टर मागाहून आल्या, आणि सगळ्यात कामाचं त्याच बोलल्या.

काकांनी सुरुवातच तापून केली. "वरीस वाया घालवाचं अन् वरून पैसे देयाचे, कायले? पोट्टी वापस येईन तवा संगच्या साऱ्या बारावीत असतीन. नीटची तयारी मांगं पडीन ते येगळंच."

"वरीस वाया जाते का नाई, हे कोणत्या वर्षी जाता त्याच्यावर आहे," गुरुजी म्हणाले. "अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर, म्हणजे अदलाबदलीच्या कार्यक्रमाच्या व्हिसावर, शाळेसाठी जाणाऱ्या मुलाचं वय कार्यक्रम सुरू होताना १५ ते साडेअठराच्या मधात लागते, आणि शाळेची ११ पेक्षा जास्त वर्षं झालेली चालत नाहीत. दहावी झालेलं पोरगं दोन्हीत बसते. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाची परीक्षा, ऑगस्टात जाणं, पुढच्या जूनमध्ये वापस, अन् मग इथं अकरावीला नव्यानं प्रवेश. अकरावी करून गेलं तं घोळ होते. तिकडच्या वर्गाची वर्षं आपल्या बोर्डात आपोआप धरत नाहीत, अन् अकरावी-बारावीची जोडी तुटते. बारावी झाल्यावर तर दारच बंद."

काकांना नीटचं उत्तर हवं होतं. ते सेतूवाल्या दादानं दिलं, कारण दरवर्षी तेच फॉर्म तो भरतो. "नीटले प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पुरी लागतात, वरची वयोमर्यादा नाई. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनचा हिशोब बारावीच्या वर्षापासून धरतेत, दहावीच्या नाई. अन् काका, राज्याच्या कोट्यातून मेडिकल पाह्यजे असीन तं दहावी अन् बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास लागते, वरून डोमिसाइल. म्हून तिकडंच राहून बारावी उरकू म्हणणाराचं नुकसान होते. मधातलं एक वरीस बाहेर काढणाराचं नाई होत."

"कागदावर नाई होत," काका म्हणाले. "डोक्यात होते. फिजिक्स इसरून येईन ना थे."

हे मात्र कोणी खोडलं नाही. तिकडे गणिताचा वरचा वर्ग आणि केमिस्ट्री घेता येते, पण इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास बऱ्याच शाळा घ्यायलाच लावतात, आणि नीटच्या पद्धतीचा सराव तिथे होत नाही. घराचा जीव फक्त मेडिकलच्या सीटमध्ये अडकला असेल आणि एक वर्षाचा उशीर रोज बोलून दाखवला जाणार असेल, तर पोरीला पाठवू नये, असं माझंही मत आहे. ती तिकडे धड राहू शकत नाही.

पैशाच्या गोष्टीवर गुरुजी आणि रोटरीचे भाऊ थोडे भिडले. गुरुजींचा सगळा भर 'यस'वर, म्हणजे २००२ साली सुरू झालेल्या केनेडी-लुगर कार्यक्रमावर. तो अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालतो. विमानाचं तिकीट, विमा, घर, शाळा, महिन्याचा हातखर्च, सगळं त्यात येतं. अर्जाला फी नाही. "यसच्या नावानं कोणी हजार रुपये जरी मागितले, तरी समजायचं हा माणूस चोर आहे," गुरुजी म्हणाले. मात्र जागा मोजक्या, निवड कडक, आणि यंदा भारतातून अर्ज घेतायत का हे आधी पाहावं लागतं. सरकारी पैशावर गेल्यामुळे एक अट चिकटते: परत येऊन दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय तिकडचा नोकरीचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. सोळा वर्षांच्या पोरीला तिचा त्रास नाही, अकरावी-बारावीत ती दोन वर्षं निघून जातात.

रोटरीचे भाऊ म्हणाले, "आमच्या रोटरी क्लबाच्या अदलाबदलीत क्लबाच्या सदस्याचंच लेकरू लागते असं नाई. विदर्भ आमच्या ३०३० डिस्ट्रिक्टमधी येते, क्लबाच्या मार्फत अर्ज जाते. तिकडचं राहणं-जेवण यजमान घरं करतात, शाळेची सोय तिकडचा क्लब करते. तिकीट, विमा, व्हिसा मायबापाचा. पण ही अदलाबदल आहे. आपलं पोरगं गेलं तं तिकडचं लेकरू इकडं येते, अन् त्याले कोणाच्या तरी घरी ठेवा लागते. त्याची तयारी पाह्यजे. अन् चार गोष्टींची सक्त मनाई: गाडी चालवणं, दारू, नशा, प्रेमप्रकरण. यातली एक झाली तं पुढच्या विमानानं घरी."

तिसरा रस्ता पूर्ण फी भरून जायचा, काही लाखांचा. इथे दादानं सांगितलेली खूण मला फार मोलाची वाटली. एजंट 'एक्स्चेंज' म्हणतो तेव्हा हातात कोणता कागद येणार ते विचारा. डीएस-२०१९, म्हणजे जे-१ व्हिसाचा कागद, येणार असेल तर ते खरं एक्स्चेंज, आणि तो कागद देणारी अमेरिकन संस्था परराष्ट्र खात्याच्या जे-१ यादीत नावानिशी सापडते. आय-२० येणार असेल तर तो एफ-१ व्हिसा. त्यात सरकारी शाळेत जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, तेही शाळेचा पूर्ण खर्च स्वतः भरून. दोन्ही कायदेशीर आहेत, पण पहिल्याच्या नावावर दुसरं विकलं जातं. काकांचं म्हणणं असं, की जमीन गहाण टाकून तर बिलकुल नाही. गुरुजींनीही त्याला मान हलवली.

मग दादानं कागदांचा मुद्दा काढला आणि आवाज चढवला, कारण गाडी अडते ती इथेच. "शाळेच्या दाखल्यावर आडनाव पयले, आधारवर नाव पयले, जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव 'रमेश' अन् शाळेच्या दाखल्यावर 'रमेशराव'. पासपोर्टमधी आडनावाचा रकाना येगळा, नाव अन् बापाचं नाव मिळून दुसरा रकाना. हे तिन्ही कागद एक झाल्याबिगर पासपोर्टचा फॉर्मच भरू नोका." ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नावच कोरं असतं कैकदा. ते नंतर भरता येतं, पण साधारण मुदत नोंदणीपासून १५ वर्षांची. नववीतल्या पोरीची ती मुदत संपत आलेली असते, म्हणून आधी ग्रामसेवकाला गाठावं. पासपोर्ट काढताना १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा घेता येतो, ३६ पानांची फी ₹१५००. नाहीतर तो ५ वर्षं किंवा वय १८ होईपर्यंतच चालतो. मायबापाच्या संमतीला परिशिष्ट 'डी', दोघांच्या सह्या.

गुणपत्रिका हा दुसरा खोडा. मागच्या तीन वर्षांचे मार्क मागतात, आणि आपली प्रगतिपुस्तकं मराठीत. मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर इंग्रजी भाषांतर, विषयवार, शिक्का-सहीसह, दोन प्रती करून ठेवाव्या. व्हिसाची मुलाखत मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत). जून २०२५ पासून जे-१ व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, तेव्हा इन्स्टावर काय आहे ते घरात एकदा बसून बघावं.

एवढ्यात सिस्टर आल्या. विषय कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पोरीचं लसीचं कार्ड घरात आहे का?"

काका गप्प.

"मग पासपोर्टच्या आधी ते शोधा. तिकडे लसी पुऱ्या नसतील तर शाळा वर्गात बसू देत नाही. कोणत्या लसी, ते त्या-त्या राज्यावर असतं, पण यादी साधारण सारखी. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची एमआर आहे, त्यात गालफुगीची लस नाही. तिकडे गालफुगीसकटची एमएमआर मागतात, दोन डोस, मधात चार आठवडे. कांजिण्याची लस आपल्याकडे सरकारी नाहीच, तिचेही दोन डोस, तेराच्या वरच्या मुलांना चार आठवड्यांच्या अंतरानं. या दोन्ही जिवंत लसी आहेत. एक तर एकाच दिवशी घ्या, नाहीतर २८ दिवस थांबा. मधल्या दिवसांत घेतलेला दुसरा डोस धरत नाहीत, पुन्हा टोचावा लागतो. शाळेत १० वर्षांच्या मुलांना देतो ते धनुर्वात-घटसर्पाचं टीडी, त्यात डांग्या खोकला नाही. तिकडे तिन्हीचं टीडॅप लागतं. अन् हिपॅटायटिस बी पाहा. या वयाच्या मुलांच्या कार्डावर त्याचे तीन डोस असतीलच असं नाही, आणि नसतील तर पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा."

"सहा महिने?" भाऊंनी विचारलं.

"हो. ऑगस्टात निघायचं तर उशिरात उशिरा जानेवारीत सुरू, म्हणजे ऐन बोर्डाच्या तोंडावर. म्हणून नववीतच करा. आणखी एक. आपल्या मुलांना टीबीची बीसीजी लस दिलेली असते, त्यामुळे टीबीची कातडीवरची चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह दिसते. तिकडे चाचणी मागितली तर रक्तातली आयग्रा करून द्या. एमएमआर घेतली असेल तर चाचणी त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांनी. अन् इंग्रजी दाखल्यावर तारीख आकड्यात लिहू नका. आपण ५/८ लिहितो ते ५ ऑगस्ट, अमेरिकेत ते ८ मे वाचतात. महिन्याचं नाव अक्षरात लिहा."

रोटरीचे भाऊ म्हणाले, हे त्यांच्याही चेकलिस्टवर इतकं नीट नाही. खिशातली डायरी काढून त्यांनी उतरवून घेतलं.

पुढचं बोलणं यजमान घराचं. जे-१ मध्ये हे कुटुंब पैसे घेत नाही. ते अर्ज वाचून आपणहून पोरगं निवडतं, म्हणून अर्जातलं पत्र आणि फोटो याला मार्कांपेक्षा वजन. स्टुडिओतला फोटो काही सांगत नाही. पोरगी संत्री तोडताना, आजीसोबत पापड लाटताना, शाळेच्या कबड्डीत, असे फोटो द्यावे. खाण्याचं खरं लिहावं: अंडं चालतं का, मांस असलेल्या भांड्यातली भाजी चालते का. तिकडे कुत्रा घरात असतो, सोफ्यावर, कधी अंथरुणातही. भीती वाटत असेल तर आधीच लिहावं, नाहीतर घर बदलायची वेळ पहिल्याच महिन्यात येते.

"घर बदलते काहून मंग? भांडण होते का?" काकांनी विचारलं.

"भांडणानं कमीच," गुरुजी म्हणाले. "पोरगं खोलीचं दार लावून रात्रभर इकडच्या दोस्तांशी फोनवर बोलते. कुठं चाललं ते सांगत नाही. बाथरूममधी चाळीस मिनिटं. काम सांगतील तवा करीन म्हणून बसून राह्यते, अन् तिकडचे लोक एकदाच सांगतात, दुसऱ्यांदा मनात ठेवतात. पहिल्याच आठवड्यात पोरीनं कागद घेऊन बसावं अन् विचारावं: आंघोळ किती वाजता, कपडे कोणत्या वारी, भांडी कोणी लावायची, फ्रिजमधलं काय न विचारता घ्यायचं, तुम्हाला हाक काय म्हणून मारू. तरी नाही जमलं तं संस्थेचा स्थानिक समन्वयक असते, तो १२० मैलांच्या आत राहणारा लागते अन् दर महिन्याले भेट-बोलणं करते. आधी त्याले सांगायचं. इकडं मायबापाले सांगून मायबापानं एजंटले फोन करायचा, यात पंधरा दिवस जातात अन् गोष्ट बिघडते."

फोनच्या बाबतीत पारावर एकमत झालं, हे विशेष. रोज व्हिडिओ कॉल करणारी आई पोरीला तिकडे रुजू देत नाही. आठवड्यातून एकदा पुरे. शिकागोच्या वेळेत रविवारी सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ७:३०. सगळ्यात अवघड काळ दिवाळीपासून नाताळापर्यंतचा, अंधार लवकर पडतो आणि नवेपणा ओसरलेला असतो. त्या दिवसांत "नाही करमत तं ये वापस" हे वाक्य घरातून जाऊ नये.

सामानाचं पटकन उरकलं: अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक २३ किलोच्या दोन बॅगा, पण नागपूरचं तिकीट वेगळं काढलं तर तिथे १५ किलोच. चष्म्याच्या दोन जोड्या, कारण विम्यात डोळे आणि दात सहसा नसतात. काकूंच्या मनात हरभऱ्याची डाळ अन् घरचा तांदूळ बांधून द्यायचं असेल तर ते राहू द्यावं. खापरा किड्यामुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ, हरभरा, सोयाबीन आणि करडई नेऊ देत नाहीत. मसाल्याची बंद पाकिटं न्यावी आणि उतरल्यावर तिथल्या कस्टमला आपणहून सांगून दाखवावी.

परतीचं दादानं शेवटी सांगितलं. अकरावीची ऑनलाइन नोंदणी मे-जूनमध्ये उघडते, तेव्हा पोरगी तिकडेच असते. फॉर्मवर मोबाइल नंबर बापाचा द्यावा, ओटीपी त्यावर येतो. शाळा सोडल्याचा दाखला अन् दहावीची गुणपत्रिका मूळ घरीच ठेवाव्या. पुढे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती भरताना मधल्या वर्षाच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं.

काका उठले. नीटचं त्यांना अजून पटलेलं नव्हतं, तसं ते बोललेही. दोन पावलं जाऊन वळले. "सिस्टर, कार्ड नाई सापडलं तं?"

"उपकेंद्राच्या जुन्या रजिस्टरात जन्मसालावरून शोधते. तिथंही नसेल तर रक्त तपासून काही लसींचं कळतं, बाकीच्या पुन्हा द्यायच्या. गुरुवारी लसीकरण आहे, सकाळी दहाला पोरीला घेऊन या."