देवचार आणि कोळी

गेल्या एप्रिलात पडवीत रचलेल्या हापूसच्या दोन पेट्या रातोरात गेल्या. त्या दुःखावर मुंबईच्या भाच्याने उतारा काढला. वाशाला कॅमेरा ठोकला, माझ्या मोबाइलवर ॲप टाकलं आणि "मामा, सगळं ऑटोवर आहे" असं सांगून तो तुतारी एक्सप्रेसने पसार झाला. आमच्या गावात ऑटोवर फक्त स्टँडवरचे तिघे चालतात, तेही मीटरशिवाय.

दिवसा पडवीत काळोख आणि खळ्यात मे महिन्याचं ऊन. पडद्यावर आई कोळशाचं पोतं आणि खळं नुसता चुना. दोन दिवस चाचपडल्यावर डब्ल्यूडीआर नावाचं बटण सापडलं. उजेडाचं एक आणि काळोखाचं एक अशी दोन चित्रं घेऊन ते एकत्र शिवतं म्हणे. शिवलं खरं, आईचा चेहरा लख्ख दिसला. तिने बघितलं आणि म्हणाली, "माझा नाक येवढा मोठा नाय हां! बंद कर आधी."

तिन्हीसांजेला उजेड कमी झाला की कॅमेऱ्यातला फिल्टर बाजूला सरतो, 'टक्' असा आवाज होतो, आणि इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे लागतात. पावसाळी ढग असले की त्याला दिवस कुठला, रात्र कुठली कळेना. टक्. टक्. टक्. आई प्रत्येक टक्-ला पाल चुकचुकल्यागत बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. शेवटी दिवस-रात्र बदलण्याआधी थांबण्याचा वेळ 5 सेकंदांवरून 30 वर नेला, तेव्हा कृष्णाला जरा उसंत मिळाली.

रात्रीचं चित्र मात्र काळंकुट्ट. दिव्यांचा झोत कॅमेऱ्याला खेटून असलेल्या वळचणीवर आपटून परत यायचा, मग 'उजेड भरपूर आहे' समजून कॅमेरा बाकीचं खळं काळोखात लोटायचा. कॅमेरा वीतभर खाली घेतला, खळं उजळलं. आता बोका जाताना तीन शेपट्यांचा दिसायला लागला, कारण शटर फार सावकाश. ते 1/25 सेकंदावर आणलं तर बोका एक झाला, पण पडद्यावर भाताचा कोंडा उडायला लागला. चालवून घेतलं.

आणि मग कोळी आला. काचेपुढे जाळं, त्यावर दिव्यांचा झोत. एकेक धागा नांगराच्या दोरखंडाएवढा. वारा हलला की मोबाइल बोंबलायचा. हालचालीची संवेदनशीलता कमी केली, तर पाटलांचा बैल खळ्यातून फिरून गेला तरी ॲप गप्प.

रात्री दोनला वैतागून केरसुणी घेऊन स्टुलावर चढलो. अंगात नायलॉनची काळी टी-शर्ट, काळी हाफपँट. इन्फ्रारेडात आंब्याची पानं पांढरीफेक दिसतात आणि काळं नायलॉनही, हे मला कुठे ठाऊक! आत आई मोबाइल धरून बसलेली. "देवचार इलो रे, देवचार! हातात केरसुणी घेवन इलो!"

सकाळी खळ्याच्या कोपऱ्यात नारळ आणि विडीचा कट्टा, गावची राखण करणाऱ्या देवचाराचा मान म्हणून. म्हटलं, "आई, अगो, तो मीच होतो."

"तू असलस म्हणान काय झाला? ठेवलेला परत घेवचा नसता."

दुसऱ्या दिवशी नारळही नाही, विड्याही नाहीत. रेकॉर्डिंग उघडलं. रात्रभराचं आठ तासांचं, एकदम स्वच्छ, कोंडासुद्धा नाही. आठही तास कोळ्याचं पोट.