आरवलीचा वेतोबा: भुताटकी नव्हे, गावाची राखण

'आरवलीचा वेतोबा हा भुतांचा राजा. त्याला रक्त लागतं, देवळात करणीची कामं चालतात, रात्री त्याच्या चपला आपोआप झिजतात, बायका-मुलांनी तिथे जाऊ नये.' असा मजकूर सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. आरवली हे सिंधुदुर्गातलं वेंगुर्ल्याकडचं गाव आणि वेतोबा हा तिथला राखणदार देव. आम्हा वेंगुर्ल्याकडच्या माणसांना तो मजकूर वाचून वाईट वाटतं आणि रागही येतो.

भुतांवर वेतोबाची हुकूमत आहे, असं आम्हीही मानतो. पण म्हणून तो भूत होत नाही. भुताखेतांना वेशीबाहेर ठेवणारा, म्हणूनच तर तो राखणदार. वेतोबा म्हणजे वेताळच, पण झाडाला लटकणारा वेताळ लोकांना ठाऊक झाला तो वेताळपंचविशीतून. ती कथा अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या कथासरित्सागरातही येते. आमचा वेतोबा लटकत नाही. माणसाहून कितीतरी उंच, पाय रोवून, हातात खड्ग घेऊन तो उभा आहे. आजची मूर्ती पंचधातूची, पूर्वीची फणसाच्या लाकडाची होती.

रक्ताचं म्हणाल तर कोकणात अनेक गावांत राखणदाराला कोंबडा देतात, ते लपवण्याचं कारण नाही. पण आरवलीत वेतोबाचा नवस म्हणजे केळ्यांचा घड आणि चपला. देवळात शिरलात की घडच्या घड दिसतील.

आणि चपला! जाड कातड्याच्या, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. त्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या असतात. देव रात्री गावाभोवती फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, अशी श्रद्धा. मजकूर लिहिणाऱ्याने तिचा चमत्काराचा 'पुरावा' केला. आम्हाला पुरावा नको आहे. आपल्यासाठी कुणीतरी रात्रभर चालतंय, तर त्याच्या पायांची काळजी आपण घ्यायची, एवढाच त्या नवसाचा भाव. ज्याची भीती वाटते त्याला कोणी हौसेने चपला करून घालत नाही.

करणीच्या गोष्टी सांगणाऱ्याने गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं, ऐकलेलं दिसत नाही. 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची इडापिडा टाळ, त्यांचा बरा कर' असं मागणं घातलं जातं आणि जमलेली सगळी माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मागणं नोकरीचं, लग्नाचं, आजारपणाचं असतं. चारचौघांत, मोठ्या आवाजात. ह्यात चोरून करण्यासारखं काय आहे?

राहिला बायका-मुलांचा प्रश्न. आरवलीतच सातेरीचं देऊळ आहे, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी आमची भूमीदेवी. सासुरवाशिणी तिची ओटी भरतात आणि वेतोबाला केळी ठेवून, कडेवरच्या पोराला त्याच्या पायांवर घालून घरी जातात. मुंबईचे चाकरमानीही गावी आले की पोराबाळांसकट दर्शनाला येतात. त्यांना कुणी अडवत नाही. तुम्हालाही अडवणार नाही.