वीस फुटांचा प्रश्न

कार्यालयात जात होतो तोपर्यंत आपली दिनचर्या आदर्श आहे, असा माझा समज होता. ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी जेवणे आणि दिवसातून चारपाचदा जिने चढणे-उतरणे हे सारे मी स्वतःच्या शिस्तीच्या खात्यावर जमा करत असे. घरून काम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात उमगले की ती शिस्त माझी नव्हतीच. ती हजेरीच्या यंत्राची, बसच्या वेळापत्रकाची आणि प्रिंटर माझ्या टेबलापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ठेवणाऱ्या कोणा महाभागाची होती. घरी मात्र सारे हाताच्या अंतरावर. पलंगापासून टेबलापर्यंतची पावले एकदा मोजली तर ती अकरा भरली, आणि त्यांतलीही दोन चष्म्यासाठी परत फिरण्यात गेलेली.

पावलांचा हिशेब मनगटावरचे घड्याळ ठेवते. रोज १०,००० पावलांचे उद्दिष्ट कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या, ‘दहा हजार पावले मोजणारा’ अशा अर्थाच्या नावाच्या एका यंत्रामुळे रूढ झाले, हे वाचून मला कोण आनंद झाला! पण त्या दिवशीची माझी पावले ८१२ होती, आणि एवढ्यावर समाधान मानणारे संशोधनही कुठे सापडेना. म्हणून फोनवरच्या बैठका फेऱ्या मारत ऐकायचे ठरवले. तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी साहेबांनी अचानक माझे मत विचारले तेव्हा मला चांगलाच दम लागला होता. धापा टाकत दिलेल्या ‘मान्य आहे’ या उत्तराचा अर्थ त्यांनी तीव्र मतभेद असा लावला आणि त्याच विषयावर आणखी एक बैठक ठेवली.

पाठीसाठी लॅपटॉपखाली शब्दकोशाचे दोन जाड खंड घातले. पाठ सरळ झाली, शुद्धलेखन बिघडले.

खरी कसोटी लागली ती डोळ्यांची. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवणाऱ्या पापण्या पडद्याकडे टक लावली की लवायचे विसरतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. यावर डॉक्टरांनी दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे असे सुचवले. इतक्या लांब पाहिले म्हणजे जवळचे पाहून आखडलेला डोळ्यातला स्नायू सैल होतो म्हणे. औषध फुकटचे, म्हणून मी ताबडतोब मान्य केले. अडचण एवढीच की आमच्या घरात २० फूट नव्हते. मी टेप काढला. खोली अकरा फूट भरली. मग सगळी दारे उघडून, दुसऱ्या खोलीच्या कोपऱ्यापासून तिरके मोजत न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलो, तरी टेप साडेसतरा फुटांवर भिंतीला टेकला. टेपचे दुसरे टोक धरून वाकलेल्या सौभाग्यवतींनी शेवटी विचारलेच, “अहो, घर विकायला काढलंय का?”

उरली खिडकी. समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीत छानशी कुंडी होती आणि अंतरही पुरेसे होते. नऊ तासांच्या कामात २७ वेळा, या हिशेबाने मी उठून त्या कुंडीकडे निष्ठेने पाहू लागलो. दुसऱ्या दिवशी कुंडी आत गेली. तिसऱ्या दिवशी पडदा ओढला गेला. मी खचलो नाही. एका पडद्यापासून सोडवलेले डोळे दुसऱ्या पडद्यावर ठेवून त्यावरची छापील पाने मोजू लागलो. ती ६४ होती.

आठवडाभराने त्या घरातल्या वहिनी हिला रस्त्यात भेटल्या आणि फार हळुवार आवाजात म्हणाल्या, “भाऊजींची तब्येत बरी आहे ना?” हिने वीस-वीस-वीसचे सारे प्रकरण उलगडून सांगितले. तेव्हा त्या हसल्या म्हणे, आणि ‘आमचे हेही दिवसभर त्या लॅपटॉपलाच चिकटलेले असतात’ अशी तक्रार करून गेल्या.

सोमवारी अकराच्या सुमारास समोरचा पडदा सरकला. कुंडी पूर्वीच्या जागी आली होती आणि तिच्याशेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ थेट आमच्या खिडकीकडे टक लावून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मीही मोजायला सुरुवात केली. मी जेमतेम बारापर्यंत पोहोचलो असेन, तोच ते पाठ फिरवून खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी घाईघाईने मोजले, असे माझे स्पष्ट मत आहे.