‘बारा मुले वाढवलेल्या आजी’च्या नावाने फिरणारा संदेश

घरात बाळ जन्माला आले की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश हमखास येतो. पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकावा, बाळाला शुद्ध मध आणि गुटी चाटवावी, नाळेवर हळद-तूप लावावे, कावीळ दिसल्यास कोवळे ऊन दाखवावे आणि सव्वा महिना बाळाला दवाखान्याची पायरी चढू देऊ नये, असा त्याचा मजकूर असतो. पुरावा एकच: ‘आमच्या आजीने बारा मुले अशीच वाढवली.’

आधी या पुराव्याविषयी. बारा बाळंतपणांची गोष्ट सांगणारे त्यांतली किती मुले अंगणात खेळण्याइतकी मोठी झाली, हे सांगत नाहीत. जी गेली त्यांतल्या कित्येकांची नावेही कोणाला आठवत नाहीत, कारण ती बारशापर्यंत पोहोचलीच नव्हती.

चीक जड असतो, बाळाला पचत नाही, हा पहिला दावा. गाय व्याली की खरवसासाठी चीक जपून आणणाऱ्या घरांत बाळाच्या वाट्याचा चीक मात्र मोरीत ओतला जावा, हे विलक्षण आहे. या दाट, पिवळसर दुधात आयजीए ही प्रतिपिंडे भरपूर असतात आणि ती आतड्याच्या अस्तरावर जंतूंविरुद्ध पहारा देतात. म्हणूनच जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीक थोडाच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाची गरजही थोडीच असते. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि वजन भरू लागले असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

मधाच्या बाबतीत ‘शुद्ध’ या शब्दावर भिस्त ठेवून उपयोग नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू अस्सल, रानातल्या मधातही असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. या आजाराची ओळख 1976 मध्ये कॅलिफोर्नियात पटली. आधी शौचाला होत नाही, मग रडणे क्षीण होते, दूध ओढण्याचा जोर जातो आणि मान लुळी पडते. वर्षाच्या आत मध नको, हा नियम यातूनच आला. गुटीत मध नसला तरी सहाण असतेच. वेखंड, मुरडशेंग, जायफळ रोज उगाळून ओट्याच्या कोपऱ्यात ओलीच टेकवून ठेवलेली ती सहाण आणि तिच्यावर ओतलेले पाणी यांचा अंश बाळाच्या पोटात जातो. पहिले सहा महिने वरचे पाणीदेखील लागत नाही, उन्हाळ्यातही नाही.

नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी, एवढेच पुरे असते. ती एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते, हळद-तुपाने उलट ओलसर राहते. शेण, राख, अस्वच्छ पाते यांमुळे होणाऱ्या नवजात धनुर्वाताने एके काळी आपल्याकडे असंख्य बाळे दगावली. मातेचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर 2015 मध्ये भारतात त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

काविळीचा दावा सर्वांत फसवा आहे, कारण त्याच्या मुळाशी सत्याचा अंश आहे. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. ऊन लागलेली त्वचा फिकट झाली आणि कपड्याखालचा भाग पिवळाच राहिला, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तेथून आजच्या निळ्या प्रकाशाच्या उपचाराचा मार्ग निघाला. परंतु त्या उपचारात प्रकाशाची तीव्रता ठरलेली असते, बाळ जवळजवळ उघडे असते आणि रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य, पुन्हा पुन्हा मोजले जाते. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे नाक तेवढे दहा मिनिटे उन्हाला लावून यातले काहीच साधत नाही, आणि उघडे ठेवावे तर ते गारठते किंवा भाजते. पुष्कळ बाळांची सौम्य कावीळ आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय उन्हाला मिळते. ज्याची ओसरत नाही, त्या बाळाचे मात्र मोलाचे दोन दिवस जातात, आणि वाढलेले बिलिरुबिन मेंदूत शिरले तर झालेली इजा कायमची असते. दिवसाच्या प्रकाशात कपाळाची किंवा छातीची त्वचा बोटाने हलकेच दाबून सोडावी, म्हणजे खालचा रंग दिसतो. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, अथवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

सव्वा महिन्याच्या विश्रांतीशी भांडण नाही, गर्दीपासून बाळ दूर राहिलेले बरेच. परंतु घरात राहणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून बाळाची तपासणी घरी नेली, आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या गावांतील नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नये. आणि बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, शांत असतानाही श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक भरला, तर सव्वा महिना पुरा होण्याची वाट न पाहता 102 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.